राजद्रोह शिकवला, वाळीत टाकणं लपवलं : बंदीचा आपला इतिहास



मागच्या एप्रिलमधली गोष्ट. आमच्या वाडीतली आठवीतली एक मुलगी शाळेतल्या जयंतीच्या कार्यक्रमात भाषण करणार होती. तिनं स्वतः लिहून काढलेलं दोन पानी भाषण. त्यात महाडचं चवदार तळं होतं, मनुस्मृती दहन होतं आणि शेवटी एक प्रश्न होता की आज आपल्या गावातली विहीर सगळ्यांची आहे का. शाळेतून ते भाषण परत आलं तेव्हा त्यावर लाल शाईच्या दोन आडव्या रेघा होत्या. मनुस्मृतीचा परिच्छेद गेला, विहिरीचा प्रश्न गेला. उरलं काय? बाबासाहेब दिव्याखाली अभ्यास करायचे, अठरा अठरा तास वाचायचे, म्हणून आपणही खूप अभ्यास करूया. शिक्षक वाईट नव्हते. ते एवढंच म्हणाले, "चांगलं लिहिलंयस, पण कार्यक्रमात वाद नको."

मुलीनं घरी येऊन विचारलं, "दादा, याला सेन्सॉर म्हणतात का?"

मी तिला पटकन उत्तर दिलं नाही. कारण पुस्तकातली व्याख्या सांगितली असती तर ‘नाही’ म्हणावं लागलं असतं. सरकारनं बंदी घातली नाही, कुठलं कलम लागलं नाही, कोणाला अटक झाली नाही. पण तिचं वाक्य तर गेलं! मग त्याला म्हणायचं काय? हा लेख त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

आपल्याला शिकवलेला अर्धा इतिहास

रत्नागिरीत वाढलेल्या प्रत्येक मुलाला टिळकांचा जन्म इथला हे पहिलीपासून माहीत असतं. १८९७ चा राजद्रोहाचा खटला, अठरा महिन्यांची शिक्षा. १९०८ चा दुसरा खटला, सहा वर्षं मंडाले. हे पाठ असतं. ते खोटं नाही. ब्रिटिशांनी १८७० मध्ये दंडसंहितेत १२४ अ हे राजद्रोहाचं कलम घातलं. १८७६ मध्ये नाटकांवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांसाठी वेगळा कायदा आला. तो इंग्रजी पत्रांना लागू नव्हता. म्हणजे साहेबाच्या भाषेत लिहिलेलं चालेल, रयतेच्या भाषेत लिहिलेलं तपासलं जाईल. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर १९१० मध्ये बंदी आली, कारण कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसत होता.

हा सगळा इतिहास सरकार विरुद्ध संपादक असा आहे. त्यात पहारेकरी एकच, तो म्हणजे परका सरकारी अधिकारी. आणि बोलणारा माणूसही एकाच प्रकारचा, ज्याच्याकडे छापखाना आहे, अक्षर आहे, वकील आहे.

माझा मुद्दा असा आहे की या देशात बंदीचे पहारेकरी कायम दोन होते. एक सरकारचा, दुसरा समाजाचा. पहिल्याच्या हातात कलम होतं. दुसऱ्याच्या हातात जमीन, पाणी, वाट आणि छापखाना होता. ज्यांच्यावर फक्त पहिल्याचा पहारा होता त्यांनी इतिहास लिहिला, म्हणून दुसरा पहारेकरी त्या इतिहासात दिसतच नाही.

कायद्याच्या आधीची बंदी

सेन्सॉरशिप इंग्रजांनी आणली असं म्हणणाऱ्यांनी गौतम धर्मसूत्राचा बारावा अध्याय उघडून पाहावा. शूद्रानं वेद मुद्दाम ऐकले तर कानात वितळलेलं शिसं आणि लाख ओतावी, उच्चारले तर जीभ छाटावी, लक्षात ठेवले तर शरीर चिरावं. आपले कार्यकर्ते भाषणात हा दंड सर्रास मनुस्मृतीच्या नावावर सांगतात. तसं करू नका. समोरचा माणूस ग्रंथ उघडतो आणि आपल्याला खोटं पाडतो. मनूच्या आठव्या अध्यायात वेगळे दंड आहेत: द्विजाला कठोर बोलणाऱ्या शूद्राची जीभ छाटणं, आणि ब्राह्मणाला धर्माचा उपदेश करू धजणाऱ्या शूद्राच्या तोंडात व कानात उकळतं तेल ओतणं.

हे दंड प्रत्यक्षात किती वेळा दिले गेले हा वेगळा प्रश्न आहे. समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला त्यातली रचना महत्त्वाची वाटते. इंग्रजांचा कायदा तुम्ही काय बोललात ते तपासायचा. धर्मशास्त्र बोलणारा कोण आहे ते तपासतं. तिथे ऐकणं हाच गुन्हा, लक्षात ठेवणं हाच गुन्हा. अशा व्यवस्थेत पुस्तकावर बंदी घालायची गरजच उरत नाही, कारण माणसावरच बंदी असते. बाबासाहेबांनी आपल्या पहिल्या पत्राला तुकोबांच्या अभंगावरून ‘मूकनायक’ हे नाव घेतलं, ते याच माणसाला उद्देशून.

जोतिरावांचं पुस्तक आणि आपल्याच माणसाची भीती

छापखाना आल्यावर हे बदलेल असं वाटलं होतं. काही अंशी बदललंही. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढलं, पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईतून चालवलं. आपल्याच दापोलीत राहून लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर त्यात लिहीत. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेला शास्त्रात आधार कुठे आहे असा जाहीर सवाल टाकला. बाबासाहेबांच्या जन्माच्या तीन वर्षं आधी. पुढे महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा सवर्णांना ती खपली नाही. लिहिलेलं एक वेळ सहन होत होतं, शेजारी बसून बोलणारा सहन होत नव्हता.

पण १८८३ ची गोष्ट जास्त बोचणारी आहे. जोतिरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहायला घेतला. पहिले दोन भाग ‘दीनबंधु’त आले आणि पुढचे थांबले. सरकारी रोषाची भीती वाटली. थांबवणारे परके नव्हते, सत्यशोधक चळवळीतले सहकारी होते. जोतिरावांनी हा राग गिळला नाही, पुस्तकाच्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवला.

आणि त्यांनी केलं काय? छापत नाही म्हणता, मग वाचून दाखवतो. जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांसमोर त्यांनी ते भाग वाचले. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांना वाचून दाखवले. हे लक्षात ठेवा, शेवटी याकडे परत येणार आहे.

पैसे घ्या पण जाहिरात छापा, तरीही नाही

३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली होती. या पत्राची जाहिरात ‘केसरी’त द्यावी म्हणून विनंती गेली, तीही पैसे देऊन. ‘केसरी’नं नकार दिला. तेव्हा टिळक हयात होते. पुढे बाबासाहेबांनी स्वतः ‘बहिष्कृत भारत’मधून ही गोष्ट लोकांपुढे मांडली.

ही घटना आपण पुष्कळदा सांगतो, पण टिळकांना दोन शब्द सुनावून थांबतो. त्यापेक्षा खोल प्रश्न आहे. ज्या पत्राच्या संपादकानं अभिव्यक्तीसाठी दोनदा तुरुंग भोगला, त्याच पत्राला बहिष्कृतांच्या पाक्षिकाची पैसे भरून दिलेली चार ओळींची सूचना का सोसवली नाही? कारण ‘केसरी’च्या दृष्टीनं ती बंदी नव्हतीच. आमचं पत्र, आमची जागा, छापायचं की नाही आमची मर्जी. बरोबर. पण शंभरातली बहुतेक पत्रं, सगळे मोठे छापखाने, सगळ्या सभागृहांच्या किल्ल्या एकाच थराच्या हातात असतील, तर त्या मर्जीची बेरीज काय होते? तिला बंदीच म्हणतात. फक्त तिच्यावर सही-शिक्का नसतो, त्यामुळे तिच्याविरुद्ध अपीलही करता येत नाही.

सरकारी बंदीचा एक ‘फायदा’ असतो. खटला चालतो, निकाल छापून येतो, माणूस हुतात्मा होतो. ज्याची जाहिरात नाकारली जाते तो हुतात्मा होत नाही. तो फक्त ऐकू येत नाही. ‘मूकनायक’ १९२३ मध्ये बंद पडलं.

कोकणातला सेन्सॉर : वाळीत

आता आपल्या जिल्ह्याकडे या. इथे बंदीला जुना शब्द आहे, ‘वाळीत टाकणं’. गावकीनं ठरवलं की तुमच्या घरी कोणी यायचं नाही, दुकानातून वाणसामान मिळायचं नाही, मयताला खांदा मिळायचा नाही. कारण काय? बहुतेक वेळा कोणीतरी तोंड उघडलेलं असतं.

१९२८ मध्ये मुंबई सरकारनं अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला समिती नेमली. अध्यक्ष स्टार्ट नावाचे अधिकारी, सदस्यांत बाबासाहेब. १९३० च्या या अहवालात सामाजिक बहिष्काराबद्दल जे लिहिलंय ते प्रत्येक कार्यकर्त्यानं वाचावं. अस्पृश्यांनी हक्क बजावला की कुळांच्या जमिनी काढून घेतल्या जातात, मजुरी बंद होते, नेहमीची वाट अडवली जाते, वाणी माल देत नाही. निमित्त किती क्षुल्लक? चांगले कपडे घातले, दागिने घातले, जमीन विकत घेतली, नवरदेवाची घोड्यावरून वरात काढली. म्हणजे नुसतं बोलणंच नाही, अंगावरचं धुतलेलं धोतरसुद्धा ‘आक्षेपार्ह मजकूर’ होतं.

यामागचं अर्थकारण रत्नागिरीत उघडं दिसतं. इथे खोती होती. जमीन खोताची, कूळ त्याच्या मर्जीवर. बोललास तर जमीन गेली. १४ एप्रिल १९२९ ला चिपळूणला रत्नागिरी जिल्हा शेतकरी परिषद झाली, अध्यक्ष बाबासाहेब. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती कायद्यानं गेली ती १९४९ च्या कायद्यानंतर. आपण ही लढाई फक्त जमिनीची समजतो. ती तोंड उघडण्याच्या हक्काचीही लढाई होती. ज्याचं पोट दुसऱ्याच्या हातात, त्याला घटनेनं दिलेलं भाषणस्वातंत्र्य कागदावरच राहतं.

पहिल्या गोलमेज परिषदेपुढे बाबासाहेबांनी संरक्षणाची जी योजना ठेवली, तिच्यात सामाजिक बहिष्कार हा शिक्षापात्र गुन्हा करावा अशी मागणी होती. नमुना म्हणून त्यांनी ब्रह्मदेशातला १९२२ चा बहिष्कारविरोधी कायदा घेतला होता. ही मागणी १९३० ची. मुंबई राज्यात १९४९ मध्ये जातिबहिष्कृत करण्याविरुद्ध एक कायदा झाला, तो सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये रद्द ठरवला. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा विधिमंडळात झाला २०१६ मध्ये आणि लागू झाला २०१७ मध्ये: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. मधे ऐंशीहून जास्त वर्षं गेली. आणि हा कायदा करायला भाग पाडणाऱ्या तक्रारींत रायगड-रत्नागिरीची गावं पुढे होती, ही आपण अभिमानानं सांगायची गोष्ट नाही.

मग मनुस्मृती का जाळली?

आता एक प्रश्न, जो आपल्याला वारंवार विचारला जातो आणि ज्यावर आपण बहुतेक वेळा चिडतो. ‘तुम्ही अभिव्यक्तीच्या गोष्टी करता, मग २५ डिसेंबर १९२७ ला महाडला पुस्तक का जाळलं?’

चिडू नका, उत्तर द्या. बाबासाहेबांनी मनुस्मृतीवर बंदी घाला अशी मागणी सरकारकडे केली नाही. छापखाने बंद पाडले नाहीत, विक्रेत्याला मारलं नाही, भाष्यकाराच्या घरावर दगड टाकले नाहीत. स्वतःच्या सभेत, ठराव करून, स्वतः आणलेली प्रत जाळली. परदेशी कापडाची होळी करतात त्या जातीची ती कृती होती, आणि तसं त्यांनी स्पष्टही केलं. त्या सभेला महाडात जागा कोणी देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली. सत्तेचं तराजू पाहा: एका बाजूला पिण्याचं पाणी नाकारणारा समाज, दुसऱ्या बाजूला सभेला जागा नसलेले लोक. आणि ज्यांनी तो ग्रंथ जाळला, त्यांनीच पुढे आयुष्यभर तो वाचला, त्यातले श्लोक उद्धृत करून त्याच्याशी वाद घातला. मनुस्मृती आजही बाजारात मिळते. आपली मागणी ती मिळू नये अशी नाही. ती चालू नये अशी आहे.

त्याच काळात बाबासाहेब एका पुस्तकासाठी कोर्टातही उभे राहिले. दिनकरराव जवळकरांचं ‘देशाचे दुश्मन’ १९२५ मध्ये निघालं, त्यात टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर अतिशय कडक भाषेत हल्ला होता. प्रकाशक केशवराव जेधे. बदनामीचा खटला झाला, खालच्या कोर्टानं शिक्षा दिली. अपिलात वकील होते बाबासाहेब, आणि १९२६ मध्ये आरोपी सुटले. जवळकरांच्या भाषेत बाबासाहेब स्वतः कधी लिहीत नव्हते. तरी उभे राहिले.

स्वल्पविरामही नाही

१९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळानं त्यांना अध्यक्षीय भाषणाला बोलावलं. भाषण आधी छापून गेलं आणि मंडळ घाबरलं. वेदांवरचा भाग काढा, धर्म सोडण्याचा उल्लेख काढा. लक्षात घ्या, ही मागणी सनातन्यांची नव्हती. जात मोडायला निघालेल्या सुधारकांची होती. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला, परिषद रद्द झाली, आणि त्यांनी भाषण स्वखर्चानं छापलं. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. जर त्यांनी ‘वाद नको’ म्हणून चार परिच्छेद काढले असते, तर आज आपल्या हातात ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ नसतं, लाहोरच्या एका विसरलेल्या सभेचा वृत्तांत असता.

तेच पुढे पन्नास वर्षांनी झालं, बाबासाहेब नसताना. महाराष्ट्र सरकारनं त्यांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड १९७९ मध्ये काढला. वसंत मून संपादनाचं काम करत होते. चौथा खंड, ‘रिडल्स इन हिंदुइझम’, १९८७ मध्ये आला. त्यातल्या राम आणि कृष्ण यांच्यावरच्या परिशिष्टावरून वादळ उठलं. जानेवारी १९८८ मध्ये मराठा महामंडळानं अमरावतीत ग्रंथाची प्रत जाळली, शिवसेनेनं मोर्चा काढला, मुख्यमंत्री शंकरराव चव्हाणांचं सरकार परिशिष्ट मागे घ्यायला तयार झालं. मग ५ फेब्रुवारी १९८८ ला मुंबईत आपला मोर्चा निघाला. सगळे गट, सगळे नेते, लाखो माणसं. आमच्या वाडीतले म्हातारे अजून सांगतात की गावातून एस.टी. भरभरून गेल्या. त्या मोर्चानंतर हुतात्मा चौकाचं गोमूत्र शिंपडून ‘शुद्धीकरण’ करण्यात आलं. विसाव्या शतकाच्या शेवटी, मुंबईच्या मध्यावर!

शेवटी तडजोड झाली: परिशिष्ट राहील, पण या मतांशी शासन सहमत नाही अशी टीप त्यावर येईल. आपण जिंकलो, हे खरं. पण ती टीपही वाचायला शिका. मनुस्मृतीच्या कुठल्या प्रतीवर ‘शासन सहमत नाही’ असं छापलेलं तुम्ही पाहिलंय?

गोदामातला कागद

आजची पद्धत आणखी साधी आहे. बंदी घालायचीच नाही. छापायचंच नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लोकसत्ता’नं बातमी दिली: बाबासाहेबांच्या खंडांच्या नऊ लाख प्रती छापायचं ठरलं, ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेतला, आणि चार वर्षांत छापल्या गेल्या सुमारे ३३ हजार. कागद गोदामात पडून. मुंबई उच्च न्यायालयानं या बातमीची स्वतःहून दखल घेतली.

मोर्चा कोणाविरुद्ध काढायचा? जाळणारा कोणी नाही, बंदीचा आदेश नाही. नुसती दिरंगाई. एखाद्या मुलानं खंड मागितला की ‘शिल्लक नाही’ एवढंच उत्तर. १९२० ची ‘केसरी’ची पद्धतच ही, फक्त आता ती सरकारी झाली.

आपल्या घरातली कात्री

इथपर्यंत वाचून तुम्ही मान डोलावली असेल. आता जरा अवघड भाग.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ मध्ये, महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. बाबासाहेबांनी त्यासाठी लिहिलेली प्रस्तावना त्यात नव्हती. त्या प्रस्तावनेत त्यांनी पत्नीनं आजारपणात केलेल्या सेवेबद्दल कृतज्ञता लिहिली होती. ती पुढे वेगळी छापली गेली. ‘रिडल्स’च्या परिशिष्टासाठी आपण मुंबई भरली. या गाळलेल्या पानांसाठी आपण किती ओरडलो?

आणि २०१२. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचं १९४९ चं व्यंगचित्र होतं: गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू. ते पाहून संताप येणं स्वाभाविक होतं, मलाही आला. ज्यांच्या पाठीवर पिढ्यान्‌पिढ्या आसूड पडले, त्यांना त्या चित्रात फक्त राजकीय विनोद दिसावा ही अपेक्षाच सवर्ण आहे. पण १२ मे २०१२ ला पुणे विद्यापीठात पुस्तकाचे सल्लागार प्रा. सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. तोडफोड करणारे आपल्यातलेच होते. संसदेत सगळे पक्ष आपल्या बाजूनं उभे राहिले. एवढं एकमत आपल्यासाठी कधी होतं? मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मग समिती बसली आणि पुढाऱ्यांची खिल्ली उडवणारी इतर व्यंगचित्रंही काढण्याच्या यादीत गेली.

पुढचं ऐका. याच मालिकेतल्या बारावीच्या पुस्तकात, याच सल्लागारांच्या देखरेखीखाली, जनआंदोलनांवरचा एक धडा होता. त्यात दलित पँथर होती, नामदेव ढसाळ होते. देशभरातल्या मुलांना पँथर शिकवणारा धडा! २०२२ मध्ये ‘अभ्यासक्रमाचा भार कमी करणे’ या नावाखाली तो अख्खा धडा काढला. तेव्हा संसद बंद पडली नाही. आपणही रस्त्यावर आलो नाही. पान फाडायचा रस्ता आपण रुळवून दिला होता, त्यावरून दुसरे चालत आले.

म्हणजे कशालाच आक्षेप घ्यायचा नाही का? तसं नाही. बाबासाहेबांनीही भाषणस्वातंत्र्य अमर्याद मानलं नाही. १९५१ ची पहिली घटनादुरुस्ती ते कायदामंत्री असतानाच झाली. ॲट्रॉसिटी कायद्यात जातीवरून चारचौघांत अपमान करणं गुन्हा आहे, आणि तो असलाच पाहिजे. मला एक साधी कसोटी वापरावीशी वाटते. बोलणं माणसाच्या प्रतिष्ठेवर आणि सुरक्षिततेवर घाला घालतंय का? मग कायदा हवा. ते एखाद्या ग्रंथाला, देवाला, नेत्याला, विचाराला प्रश्न विचारतंय का? मग उत्तर द्या, लेख लिहा, निषेध करा, पण कात्री मागू नका. कात्री शेवटी कमजोराच्याच जिभेवर चालते. १२४ अ आलं तेव्हा इंग्रजांचं होतं. आज ते भारतीय न्याय संहितेत कलम १५२ होऊन नव्या कपड्यांत बसलंय. शाहिरांवर, कार्यकर्त्यांवर कोणती कलमं लागतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

बंदीनं समाजाचं काय होतं

लोक म्हणतात बंदीनं पुस्तकं नाहीशी होतात. पुस्तकं बहुधा वाचतात. नाहीशी होते ती माणसाची सवय. प्रश्न विचारायची सवय.

मी दापोली-मंडणगडात शिबिरं घेतो. आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव आहे हे सगळ्या मुलांना माहीत असतं. गोपाळबाबा वलंगकर कोण, हे विचारलं की वर्ग गप्प. शहरात भाड्याची खोली घेताना मुलगा आडनाव पुटपुटतो. आई सांगते, "ऑफिसात जयभीम नको घालू, नमस्कार घाल." फोनवर भीमगीत वाजलं म्हणून २०१५ मध्ये शिर्डीत एका तरुणाचा खून झाला, ही बातमी वाचलेली आई मुलाला रिंगटोन बदलायला लावते, तेव्हा तिला भित्री म्हणायचा अधिकार मला नाही. पण तिच्या हातात कात्री कोणी दिली हे मी विचारणार. सेन्सॉरचं सर्वात मोठं यश हेच असतं की शेवटी त्याला कामावर यावं लागत नाही, आपण घरूनच कापून पाठवतो.

आणि नुकसान फक्त आपलं होत नाही. त्या शाळेतल्या सवर्ण मुलांनाही विहिरीचा प्रश्न ऐकायला मिळाला नाही. ते मोठे होऊन प्रामाणिकपणे म्हणतील, ‘आमच्या गावात जातपात नाही.’ ते खोटं बोलत नसतील. त्यांना ऐकूच दिलं नाही.

तर करायचं काय

जोतिरावांनी केलं ते. छापत नाहीत, तर वाचून दाखवायचं.

त्या आठवड्यात पौर्णिमेला आम्ही विहारात त्या मुलीचं भाषण ठेवलं, लाल रेघांसकट. तिनं कापलेले परिच्छेद आधी वाचले आणि मग उरलेलं. तिच्या आजोबांनी उठून विहिरीचा प्रश्न पुढे नेला, कुठल्या साली कोणी दोर कापला होता ते नावानिशी सांगितलं. वाडीतल्या अर्ध्या लोकांनी ते पहिल्यांदा ऐकलं. आजोबांनी साठ वर्षं ते कोणाला सांगितलं नव्हतं.

आता दर पौर्णिमेला एक ‘कापलेलं पान’ वाचायचं ठरलंय. ‘असूड’चा तिसरा भाग झाला, ‘धम्म’ची गाळलेली प्रस्तावना झाली, पुढच्या वेळी बारावीतला पँथरचा धडा आहे. तुमच्या विहारात, वाचनालयात, कट्ट्यावर हे करायला पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही. म्हाताऱ्यांना बोलतं करा, लिहून घ्या, तारीख घाला. आणि आपल्याविरुद्ध कोणी लिहिलं तर तेही वाचा, आणि त्याहून चांगलं लिहून उत्तर द्या.

त्या मुलीला मी उत्तर दिलं, "हो. यालाच सेन्सॉर म्हणतात."

तिनं विचारलं, "मग पुढच्या वर्षी तेच भाषण परत देऊ?"

दे म्हटलं. आणि रेघा मारल्या तर परत विहारात ये.

जयभीम. नमो बुद्धाय.